औदार्याची वर्गणी
भिलाईच्या स्मृती नगरातल्या एखाद्या गृहस्थाने घरकर्जाचे हप्ते थकवले, तर त्याच्या दाराशी जप्तीची नोटीस डकवली जाते. परंतु ज्या स्टील अथॉरिटीच्या धुराड्यांवर या शहराचा उदरनिर्वाह चालतो, तिचा तोटा आटोक्याबाहेर गेला तेव्हा, २००० साली, दिल्लीच्या सरकारने पोलाद विकास निधीचे ५,०७३ कोटी रुपयांचे कर्ज अत्यंत प्रसन्न अंतःकरणाने माफ केले. हा निधी तरी कुणाचा? पोलादाच्या किमतीत भर घालून गिऱ्हाइकांकडूनच वसूल झालेला! उत्तरदायित्वाचे म्हणाल, तर तेही विसरले गेले नाही. स्वेच्छानिवृत्तीच्या योजनेखाली कामगारांची हजेरीपुस्तके यथावकाश पातळ करण्यात आली.

खासगी पेढ्यांत वरिष्ठांनाही झळ बसते, हे मात्र प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. मुंबईच्या येस बँकेने २०१९ साली आपल्या माजी प्रमुखाचा सुमारे दीड कोटींचा बोनस परत मागितला. पुढच्याच वर्षी, बँक सावरण्यासाठी स्टेट बँकेला पाचारण करावे लागले त्या मार्च महिन्यात, रोखेधारकांचे ८,४१५ कोटी रुपये खतावणीतून निर्लेखित झाले. त्यांत कित्येक निवृत्तांची आयुष्यभराची पुंजी होती. त्यांना बोनस मिळालेला नसल्यामुळे तो परत करण्याची तोशीस पडली नाही.