वेरूळचा समुद्र

महाराष्ट्र राज्यास निसर्गाने जो सुमारे 720 किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा बहाल केला आहे, त्यातील हातभर तुकडाही मराठवाड्याच्या वाट्यास आलेला नाही, ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकांत इतक्या निर्विकारपणे छापलेली असते की, ती वाचून कोणा मराठवाडी मनुष्याने आजवर अर्ज, तक्रार किंवा साधी हरकत नोंदविल्याचे ऐकिवात नाही. निजामी अमदानीत तर हा प्रश्न उपस्थित होण्याचेच कारण नव्हते. चोहोबाजूंनी परक्या मुलखाने वेढलेल्या त्या अफाट संस्थानाचे अधिपती, ज्यांची गणना जगातील अतिधनाढ्य पुरुषांत होई ते सातवे निजाम, यांनी 1947 च्या सुमारास पोर्तुगिजांकडून मुरगाव बंदर पदरात पाडून घेण्याची खटपट करून पाहिली आणि तीही फळास आली नाही. तेव्हा खुद्द सरकारस्वारीस जे लाभले नाही ते रयतेने कोणत्या तोंडाने मागावे? पुढे 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान संपले, 1960 साली महाराष्ट्र राज्य झाले, आणि राज्यासोबत अरबी समुद्रही कागदोपत्री आमचा झाला. मात्र हक्क निराळा आणि ताबा निराळा, हे ज्याने उभी हयात महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून दप्तरे बांधण्यात घालविली त्या माझ्यासारख्यास निराळे सांगावयास नको.

मला समुद्राचा ताबा नव्हे, पण निदान वहिवाट मिळाली ती कन्येच्या विवाहामुळे. व्याही मुरूडचे, म्हणजे जंजिऱ्याच्या समोरचे. वृत्तीने अत्यंत सालस, परंतु समुद्राचा विषय निघाला की, तो जणू त्यांच्या आजोबांनी खणून घेतला असावा अशा थाटात बोलणारे. विवाहानंतरच्या पहिल्याच भेटीत त्यांनी मजजवळ सरकून, आवाज खाली आणून, सांगितले की, काशीदची पुळण, तेथील सुरूची बने आणि उंट-घोडे हे सारे मुंबईच्या लोकांसाठी आहे. खरा समुद्र निराळाच आहे. फणसाडचे अरण्य जेथे डोंगरावरून उतरत उतरत थेट पाण्यापर्यंत येते, तेथे दोन कातळांच्या मध्ये एक लहानशी अर्धचंद्राकृती पुळण आहे, तिचा ठावठिकाणा गावातील जाणत्यांखेरीज कोणास ठाऊक नाही, आणि तेथे जो एकांत मिळतो तो हिमालयातही मिळावयाचा नाही. जागेचे नाव मी कोठे उच्चारणार नाही असे वचन त्यांनी मजकडून घेतले, आणि ते मी येथेही पाळीत आहे.

दुसऱ्या दिवशी त्या एकांताकडे आमचे प्रस्थान झाले. एकांत ही वस्तू एकट्याने उपभोगणे कोकणात शिष्टसंमत नसावे, कारण व्याही, विहीणबाई, त्यांच्या दोन भगिनी, त्या भगिनींचा गोतावळा, जावईबापूंचे मित्र, शेजारच्या घरातील एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना वैद्याने समुद्राची हवा सांगितली होती (घर समुद्रापासून शंभर पावलांवर असताना!), आणि या सर्वांस पुरेल इतक्या आंबोळ्या, फणसाची भाजी व सोलकढीचा एक भला मोठा डबा, असा लवाजमा एक सहाआसनी रिक्षा व काही दुचाक्या यांवर चढवून आम्ही रानाच्या कडेस उतरलो. पुढची वाट पायांची होती. हे अरण्य पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबांनी शिकारीसाठी राखून ठेविलेले. 1986 साली ते अभयारण्य जाहीर झाले, आणि ज्या प्राण्यांस पूर्वी नवाब भीती घालीत त्यांस तेव्हापासून पर्यटक घालू लागले. शेकरू हा आपल्या राज्याचा मानाचा प्राणी येथे दृष्टीस पडतो, असे व्याह्यांनी वाटेत अनेकदा बजावले; परंतु विहीणबाईंच्या भगिनींचा आवाज अर्धा कोस पुढे चालत असल्यामुळे शेकरूने आमच्याविषयी आपले मत आधीच बनविले असले पाहिजे.

पुळण मात्र खरोखरच अपूर्व होती. मागे किर्र रान, दोहो अंगांस काळा कातळ, आणि समोर जो पदार्थ होता त्यास शेवट नव्हता. अशा ठिकाणी मनुष्याने काय करावयाचे असते याचे शिक्षण आम्हास बालपणी मिळालेले नाही. इतर मंडळी पाण्यात शिरली, ओरडली, परत आली, पुन्हा शिरली; वृद्ध गृहस्थांनी हवा घेण्यास प्रारंभ केला; आणि प्रत्येक जण दुसऱ्यास, लाटांवर मात होईल एवढ्या उच्च स्वरात, येथे किती शांतता आहे ते सांगू लागला. मी मात्र धोतराचा सोगा हाती धरून कोरड्या वाळूवर उभा राहिलो आणि माझ्या मनात मोजणीचे विचार येऊ लागले.

ही सवय जातिवंत कारकुनाची. ती निवृत्तिवेतनाबरोबर जात नाही. पाणी जेथवर येते ती हद्द म्हणावी, तर अर्ध्या घटकेत ते माझ्या चपलांपर्यंत आले होते; ते जेथवर मागे जाते ती हद्द म्हणावी, तर सकाळी जो कातळ बेट होता तो व्याह्यांच्या म्हणण्याप्रमाणे दुपारी चालत जाण्याजोगा होणार होता. आमच्याकडे एका बांधावरून, तोही वर्षातून वीतभर सरकला म्हणून, दोन पिढ्या दिवाणीत खपतात. आणि येथे दिवसातून दोनदा एवढा थोरला बांध मागेपुढे सरकत असताना कोणी कुऱ्हाड उचलीत नव्हते, कोणी तलाठ्यास बोलावीत नव्हते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिने भरतीच्या रेषेखालील समुद्रतळ सरकारी मालमत्ता ठरवून हा तंटा मुळातच मिटविला आहे, हे मला पाठ होते. पण पाठ असणे निराळे आणि सरकारी मालमत्तेने आपल्या चपला वाहून नेताना पाहणे निराळे. व्याह्यांनी त्या लाटेतून सोडवून आणिल्या आणि प्रेमाने म्हणाले, ‘‘व्याहीबुवा, मन मोकळे करा. समुद्रापुढे मनुष्याने काही बोलू नये.’’ हे ते अखंड बोलत होते.

पुढे श्रावणात मंडळी घृष्णेश्वराच्या दर्शनास आमच्याकडे आली. बारावे ज्योतिर्लिंग म्हणजे वेरुळास श्रावणात जी गर्दी लोटते ती काय वर्णावी! दर्शन झाले, अहिल्याबाईंच्या नावाने ओळखले जाणारे तीर्थकुंड पाहून झाले, ओसरीवर पान जमले, आणि मग व्याही, कोणाचे मन दुखवावयाचे नाही अशा अतिशय दुखविणाऱ्या स्वरात, म्हणाले, ‘‘तुमच्याकडे देवाने सगळे दिले हो. पाणी तेवढे द्यावयाचे राहिले.’’

या एका वाक्याने मजमधील निद्रिस्त अव्वल कारकून जागा झाला. वेरुळास समुद्र आहे, तो पुरातन आहे, आणि त्याची वहिवाट अखंड आहे, अशी कैफियत मी तेथल्या तेथे मांडली. दुसऱ्या दिवशी जागेवर पाहणी करण्याचे ठरले. परंतु तो मंगळवार निघाला, आणि मंगळवारी वेरूळची लेणी बंद, सोमवारी अजिंठ्याची. या दोन वारांची अशी विभागणी ज्याने केली त्याच्या डोक्यात पाहुण्यास एक दिवस अधिक मुक्कामी ठेवण्याचा उदात्त हेतू असावा. घरच्या स्वयंपाकीणबाईंचा विचार त्याने केलेला दिसत नाही.

बुधवारी प्रातःकाळी पाहणीस प्रारंभ झाला. पहिला मुद्दा मी खडकाचा घेतला. हा जो काळा पाषाण, ज्यात बौद्धांनी 12, हिंदूंनी 17 आणि जैनांनी 5 अशी 34 लेणी कोरली, तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. आणि तुमच्या पुळणीच्या दोहो अंगांस जो कातळ आहे तोही त्याच घराण्यातला. ज्या काळी हा रस वाहिला त्या काळी हिंदुस्थान आशिया खंडास जोडलेला नव्हता. तो महासागरात एकटाच उत्तरेकडे सरकत होता. तात्पर्य, मौजे वेरूळ ही जागा त्या समयी बेटावर होती. ‘‘आणि मुरूड?’’ व्याह्यांनी विचारले. तेही त्याच बेटावर होते हे मला मान्य करावे लागले. परंतु त्यामुळे आमचा हक्क कमी होत नाही.

दुसरा मुद्दा दाखवावयास पंधराव्या लेण्याच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. तो चढ आमच्या वयाच्या मनुष्यांनी वादासाठी चढावा असा नाही. वर पोहोचल्यावर दोघांनाही बराच वेळ काही बोलता आले नाही. व्याह्यांनी मनुष्याच्या ज्या मौनाची शिफारस समुद्रापुढे केली होती ते येथे आपोआप साधले. मग मी शेषावर पहुडलेल्या विष्णूकडे बोट दाखविले. शेष आहे, विष्णू आहे. म्हणजे खाली क्षीरसागर असलाच पाहिजे, आणि तो आठव्या शतकापासून जागचा हललेला नाही. तुमचा समुद्र दिवसातून दोनदा जागा सोडून जातो. तेथून उतरून एकविसाव्या लेण्यात मकरावर उभी असलेली गंगा दाखविली. विहीणबाईंनी त्या मकराकडे बारकाईने पाहिले, त्याच्या जबड्याचे व शेपटीचे मनात माप घेतले, आणि हा कोणत्या मोसमात मिळतो असे विचारले.

तिसरा मुद्दा मी मुद्दाम राखून ठेविला होता. वेरूळची पाटीलकी भोसल्यांची. मालोजीराजे येथले; त्यांचे पुत्र शहाजीराजे; आणि त्यांचे पुत्र ज्यांनी सिंधुदुर्ग बांधविला, गलबते पाण्यात सोडली आणि मुरूडच्या समोर पद्मदुर्ग उभा केला. तेव्हा मराठ्यांचे आरमार, मूळ दप्तर काढून पाहिले तर, वेरूळ गावचे आहे. हे बोलताना माझा आवाज किंचित कंपित झाला. व्याह्यांनी शांतपणे सुपारी कातरली आणि म्हणाले, ‘‘सगळे खरे. पण जंजिरा मिळाला नाही ना?’’

यावर उत्तर नव्हते. महाराजांपाशी नव्हते, ते मजपाशी कोठून असणार? मी निमूटपणे मंडळींस उत्तरेकडील एकोणतिसाव्या लेण्याकडे घेऊन निघालो.

हे लेणे, ज्यास लोक धुमार लेणे म्हणतात, मला कैलास लेण्याहूनही प्रिय आहे, आणि हे मत मी येणाऱ्याजाणाऱ्यापाशी बोलून दाखवीत नाही, कारण कैलास पाहून भारावलेल्या माणसास दुसरे काही ऐकू येत नसते. सुमारे 150 फूट रुंदीचे हे प्रचंड दालन तीन दिशांनी उजेडास मोकळे आहे. दारांशी सिंह बसले आहेत. आत रावण कैलास हलवीत आहे आणि शिवपार्वतींचा विवाह चालू आहे. अभ्यासक याचे साम्य घारापुरीच्या लेण्याशी जोडतात. आखणी तीच, खांबांची घडण तशीच. म्हणजे दोघा भावंडांपैकी एकास मुंबईच्या दर्यात बेट मिळाले, आणि दुसऱ्याच्या वाटणीस आली आमची येळगंगा. म्हैसमाळच्या अंगच्या डोंगरांतून येणारा हा प्रवाह उन्हाळ्यात इतका विनयशील असतो की, त्यास नदी म्हणताना मलाही संकोच वाटतो. पण श्रावणात तो या लेण्याच्या शेजारीच कड्यावरून स्वतःस खाली झोकून देतो, आणि खाली जो डोह होतो त्यास सीतेची न्हाणी म्हणतात.

त्या दिवशी पाणी भरपूर होते. नालाच्या आकाराचा कडा, कड्यावर ओले रान, सीताफळीच्या झुडपांतून डोकावणारी माकडे, तुषारांनी भिजलेले सिंह, आणि पश्चिमेस उघडे मैदान, कारण वेरूळचा सारा डोंगर मावळतीकडे तोंड करून बसला आहे, थेट तुमच्या समुद्राकडे, असे मी व्याह्यांस निदर्शनास आणून दिले. मंडळी लेण्याच्या सज्जात ओळीने उभी राहिली. कोणी शांततेविषयी बोलले नाही. धबधब्याच्या गर्जनेत ते शक्य नव्हते. विहीणबाईंनी पदर डोक्यावर घेतला, मग काढला, मग भिजू दिला. व्याही मात्र अजून प्रतिवादीच होते. पाणी खारट नाही, ही त्यांची पहिली हरकत. तीवर मी आमच्या तालुक्यातील काही विहिरींची नावे दिली. भरती-ओहोटी नाही, ही दुसरी; तीवर मी सांगितले की, आहे, पण ती आम्ही वर्षातून एकदाच घेतो; मृगात चढते, दिवाळीच्या पुढेमागे उतरते, आणि उतरली म्हणजे पुढच्या मृगापर्यंत तिची विचारपूस करावयाची नसते.

एवढ्यात व्याह्यांनी विजार गुडघ्यांपर्यंत दुमडली आणि खालच्या डोहाची वाट धरली. दोन पायऱ्या उतरले नाहीत तोच पहारेकऱ्याची शिटी वाजली. तो इसम धावत आला आणि पाण्यापाशी जाण्यास मनाई असल्याचे त्याने आदबीने पण ठाम सांगितले. व्याह्यांनी, मुरूडचा मनुष्य पाण्यास भीत नसतो हे दर्शविण्यासाठी, हसत हसत विचारले, ‘‘का हो, भरतीची वेळ झाली काय?’’

‘‘वर म्हैसमाळला पाऊस पडतोय साहेब,’’ पहारेकरी डोंगराकडे पाहत म्हणाला. ‘‘तिकडं पडला की हिकडं लोंढा येतो. कवा येईल ते सांगून येत नाही. तुम्ही आधी वर या.’’

व्याही वर आले. त्यांनी विजार सारखी केली, उपरण्याने चष्मा पुसला, आणि खिशातला फोन काढून, एक कान हाताने झाकून, मुरूडच्या थोरल्या बंधूंस सर्वांस ऐकू जाईल इतक्या मोठ्याने कळविले की, येथे समुद्र आहे. आकाराने लहान आहे, मासळीची चौकशी चालू आहे. परंतु पाण्यात उतरू देत नाहीत, शिट्या मारतात, त्या अर्थी तो सरकारदरबारी नोंदलेला असावा.