सतरंजीभर मुंबई

मुंबईकराच्या वाट्याला मोकळी जागा किती येते, याचा एक आकडा नगररचनेच्या चर्चेत हमखास निघतो: माणशी १.२४ चौरस मीटर. परदेशी शहरांचे आकडे शेजारी ठेवून त्यावर हळहळायची प्रथा आहे. आमच्या सोसायटीच्या खजिनदारांना हळहळणं परवडत नाही, म्हणून त्यांनी गुणाकार केला. थकलेला मेन्टेनन्स मागायला आले होते. चहा येईपर्यंत त्यांनी पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. तुमच्या घरात माणसं पाच. म्हणजे ६.२ चौरस मीटर. म्हणजे सहासष्ट चौरस फूट आणि वर थोडी चिल्लर. “आठ बाय आठची सतरंजी आहे का घरात?” त्यांनी विचारलं. होती. माळ्यावर होती. “मग तुमचा हिस्सा तयार आहे. दर रविवारी जाऊन वसूल करायचा.”

पुढचा हिशोब त्यांनी तोंडी केला. ही सतरंजी शिवाजी पार्कवर अंथरायची. त्या भागातला भाव चौरस फुटाला चाळीस हजार धरायचा (त्या भावात तिथे काही मिळत नाही, पण धरायचा). म्हणजे आपण सव्वीस लाखांच्या जागेवर बसून घरून आणलेले दडपे पोहे खातो. ना स्टॅम्प ड्युटी, ना रजिस्ट्रेशन. उठताना सतरंजी झटकली की ताबा सोडला.

खजिनदारांचा सिद्धान्त असा, की मुंबईत फुकट ठिकाण शोधायचं नसतं, ते सुशोभीकरण व्हायच्या आत गाठायचं असतं. कुठलीही जागा घ्या. आधी तिथे चार झाडं, एक कठडा आणि दोन कुत्री असतात. कोणी विचारत नाही, म्हणून सगळ्यांना जाता येतं. मग एके दिवशी नारळ फुटतो. रेलिंग येतं, रंगीत दिवे येतात, त्या विभागावर आपलं प्रेम असल्याचं जाहीर करणारी माणसाच्या उंचीची अक्षरं येतात, ‘यांच्या प्रयत्नाने’ ही पाटी येते. सगळ्यात शेवटी येते खिडकी. खिडकी आली की ते ‘पर्यटनस्थळ’ झालं आणि आपली सतरंजी माळ्यावर गेली.

मलबार हिलचं उदाहरण ताजं आहे. मार्च २०२५ मध्ये तिथे झाडांमधून जाणारा लाकडी उन्नत मार्ग खुला झाला. सुमारे अर्धा किलोमीटर. तिकीट माणशी पंचवीस रुपये, बुकिंग ऑनलाइन, वेळेचा स्लॉट ठरलेला. ठिकाण सुरेख आहे, हे लिहिलं नाही तर अन्याय होईल. पायाखाली लाकूड, डोक्यावर पानं, पुढे समुद्र, आणि देखभालीला पैसे लागतात हेही खरं. पण झाडं तिथे आधीही उभी होती आणि तेव्हा त्यांना भेटायला ओटीपी लागत नसे. आमच्या आईला ही पद्धत फार आवडली. “डॉक्टरपेक्षा बरं,” ती म्हणाली, “इथे अपॉइंटमेंट दिलेल्या वेळी आत तरी घेतात.”

टेकडीवर पोचलातच तर हँगिंग गार्डन आणि कमला नेहरू पार्क उरकून घ्यावेत. हँगिंग गार्डन १८८१ पासून पाण्याच्या टाकीच्या डोक्यावर उभं आहे, म्हणजे मुंबईच्या प्रथेप्रमाणे एका जागेचा दोनदा उपयोग. समोरचा म्हातारीचा बूट सगळ्यांना ठाऊक आहेच. एका बुटात म्हातारी आणि तिची एवढी मुलं राहतात, हे ऐकून जगभरच्या मुलांना नवल वाटतं. आमच्या धाकट्याने फक्त विचारलं, “कार्पेट किती?”

राणीच्या बागेचं तिकीट लहानपणापासून किरकोळच होतं. मग जुलै २०१६ मध्ये सोलहून हम्बोल्ट पेंग्विन आले. त्यांच्यासाठी थंडगार दालन बांधलं गेलं आणि २०१७ मध्ये पाच रुपयांचं तिकीट पन्नास झालं. थंडी पेंग्विनला, हुडहुडी आम्हाला. तरी महापालिकेने एक दयाळूपणा केला: कुटुंबासाठी शंभर रुपयांचं एकत्र तिकीट ठेवलं, आणि कुटुंब म्हणजे आईवडील आणि दोन मुलं, असं स्पष्ट केलं. आजीचा हिशोब वेगळा. समाजशास्त्रज्ञ ज्यावर जाडजूड पुस्तकं लिहितात, तो एकत्र कुटुंबाचा प्रश्न पालिकेने एका दरफलकात निकाली काढला. आमच्या आईने तो फलक दोनदा वाचला. “मी कुटुंबात नाही, हे लेखी मिळालं ते बरं झालं,” ती म्हणाली. “रात्रीचा स्वयंपाक आता कुटुंबाने करावा.”

या सगळ्या ठिकाणी जायचं कसं, हा प्रश्न रेल्वेने सोडवलेला आहे, फक्त रविवार सोडून. मुंबईच्या कुटुंबांना सुट्टी रविवारी असते आणि मेगाब्लॉकही रविवारीच असतो. दोघांच्या पत्रिका कोणी जुळवल्या ते कळत नाही. पण रेल्वेच्या दरपत्रकात एक गोष्ट आहे, जिच्यावर आमचे खजिनदार रात्र रात्र विचार करतात. लोकलचं सेकंड क्लासचं कमीत कमी तिकीट पाच रुपये. प्लॅटफॉर्म तिकीट दहा रुपये, तेही दोन तासांपुरतं. म्हणजे गाडीत बसून पुढच्या स्टेशनला जायला पाच, आणि कुठेही न जाता नुसतं उभं राहायला दहा! “हे तिकीट नाही,” खजिनदार म्हणतात, “हा या शहराचा कायदा आहे. हलत राहा, स्वस्त पडेल. थांबलात की भाडं सुरू.”

विचार केला तर पटतं. टॅक्सी सिग्नलला थांबली तरी मीटर चालतो. गाडी चालवायला पेट्रोल लागतं, पण उभी करायला दादरमध्ये नवस लागतो. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ मध्ये पाचाचं दहा झालं, तरी अख्ख्या घरादाराला फिरवण्याचं बस हे आजही स्वस्त साधन आहे, कारण ती हलते. जुन्या साध्या डबलडेकरच्या वरच्या मजल्यावरची पहिली सीट तर मुंबईतलं सर्वोत्तम बाल्कनीचं घर होतं. सी-फेसिंग, सिटी-फेसिंग, वाटेत आंब्याच्या झाडाची फांदी अगदी कपाळापर्यंत. सप्टेंबर २०२३ मध्ये ती बस गेली. आता वातानुकूलित विजेची आहे, आणि काच बंद असल्यामुळे फांदीचा धोका नाही.

नियमाला उघड अपवाद एकच, मरीन ड्राइव्हचा कठडा. तिथे थांबायला पैसे पडत नाहीत, आणि म्हणूनच रविवारी संध्याकाळी अख्खी मुंबई तिथे थांबलेली असते. पाठीमागच्या आर्ट डेको इमारती २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. आपण त्यांच्याकडे पाठ करून बसतो. तिथल्या फ्लॅटवाल्यांनी कोट्यवधी मोजले ते समुद्रासाठी, पण त्यांना समुद्राच्या आधी आमच्या पाठी दिसतात. एवढी समता संविधानाबाहेर फार थोड्या ठिकाणी आढळते. अर्थात कठडा फुकट असला तरी कठड्यावरचं मूल फुकट नसतं. त्याला दर पन्नास पावलांवर साबणाचे बुडबुडे, दिव्यांचे फुगे, कणीस आणि कुल्फी दिसते. खजिनदार यावर उपाय म्हणून नातवंडांना समुद्राकडे तोंड करून बसवतात आणि भरतीच्या लाटा मोजायला लावतात. नातू हुशार निघाला. त्याने दहा लाटांना एक कुल्फी असा दर लावला.

पावसाळ्यात हे सगळं बंद. मग मॉल. मॉल ही आपल्या काळातली धर्मशाळा आहे: आत घेतात, थंड हवा देतात, फक्त बसू देत नाहीत. पूर्वी तिथे बाकं असत. आता बाकाच्या जागी मोबाइलच्या कव्हरांची गाडी असते, आणि बसायचंच असेल तर फूड कोर्टात, म्हणजे काही घेऊन. मल्टिप्लेक्सचं तर विचारू नका. घरचा डबा आत नेता यावा म्हणून या राज्यात आंदोलनं झाली. शेवटी जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सिनेमागृह ही मालकाची खासगी जागा आहे, बाहेरचं खाणं रोखायचा त्याला हक्क आहे. पिण्याचं पाणी मात्र फुकट द्यावं लागेल. सुनावणीत जिलबीचं उदाहरण निघालं होतं: कोणी आत जिलबी आणली आणि चिकट बोटं खुर्चीला पुसली, तर सफाईचे पैसे कोण देणार? आमच्या घराण्यात आजवर कोणी सिनेमाला जिलबी नेलेली नाही. थालीपीठं नेली आहेत. थालीपीठाची बाजू कोर्टात कोणी मांडली नाही, हे दुःख आहे. फुकट पाणी प्यायला मात्र आम्ही आवर्जून जातो, फक्त ते तिकिटाच्या पलीकडे असतं.

आता खरी गोष्ट सांगतो, कारण खजिनदारांनी ती कोणाला न सांगायची शपथ घातली होती. या शहरातली सर्वोत्तम मोफत कौटुंबिक सहल म्हणजे सॅम्पल फ्लॅट.

वर्तमानपत्राचं पहिलं पान उघडा; बातम्यांच्या आधी टॉवर येतो. दिलेल्या नंबरवर फोन करा, आवाजात थोडा आळस ठेवा, बजेट विचारलं तर “आवडलं तर बघू” म्हणा. रविवारी सकाळी स्टेशनाबाहेर गाडी येते. थंड गाडी, आत पाण्याच्या बाटल्या. आई पुढे बसते. साइटवर उतरल्यावर ओला सुगंधी रुमाल देतात; आमच्या आईने त्याने चष्मा पुसला आणि परत मागितला तेव्हा दिला नाही. मग एका दालनात काचेखाली आख्खा प्रकल्प मांडलेला असतो. पोहण्याचा तलाव, इवलाली झाडं, बोटभर उंचीची माणसं, आणि मोजून पाहिलं तर माणशी मोकळी जागा बरीच. मुलांना राणीच्या बागेपेक्षा हे जास्त आवडलं, शिवाय आजी इथे कुटुंबात धरतात. नुसती धरत नाहीत, “मॅडमसाठी सीनिअर सिटिझन झोन” दाखवतात.

कॉफी येते. कुकी येते. पडदे ओढून समुद्राची फिल्म दाखवतात. मग सॅम्पल फ्लॅट. जाणकारांनी इथे नजर तयार ठेवावी. खोल्यांना दारं नसतात, कारण दार उघडायला जागा लागते. भिंतीभर आरसे असतात, म्हणून आपण पाच जण दहा दिसतो आणि तरी जागा उरल्यासारखी वाटते. पलंग अंगाने बारीक असतो. त्यावर झोपून पाहायला परवानगी नसते, नाहीतर पाय बाहेर येतील. कपाटात एकही कपडा नाही, स्वयंपाकघरात एकही डबा नाही, देवघर विचारलं तर “कस्टमाइझ होऊन जाईल”. खजिनदारांनी खिशातून टेप काढला, तेव्हा सेल्सवाल्या मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच कार्पेटवर आलं, तोवर ते सुपर बिल्टअप होतं.

आमचा धाकटा तेवढ्यात बाथरूममध्ये गेला. बराच वेळ आला नाही. सॅम्पल फ्लॅटच्या बाथरूममध्ये सगळं इटालियन असतं, फक्त पाणी नसतं. ही गोष्ट माहितीपत्रकात कुठेही छापलेली नव्हती. पुढचा तपशील सांगत नाही. दोन हाउसकीपिंगवाले बादल्या घेऊन धावले एवढं सांगतो. विशेष म्हणजे त्यांनी आम्हाला हाकललं नाही. उलट मॅनेजर स्वतः आले, मुलाच्या गालाला हात लावला आणि म्हणाले, “बघा साहेब, बच्च्याने घर आपलं मानलं.” साडेचार कोटींच्या जागेत तासभर थांबलो, बसलो, खाल्लं, आणि कोणी भाडं मागितलं नाही. कठडा सोडला तर खजिनदारांच्या कायद्याला हा एवढाच पळवाटीचा दरवाजा आहे, आणि तोही बिल्डरने दारं काढून टाकल्यामुळे उघडा राहिलेला.

फोन मात्र येतात. रोज येतात. मी उचलत नाही, बायको उचलत नाही. आई उचलते. परवा दुपारी ती सोफ्यावर पाय वर घेऊन बोलत होती. “मजला वरचा नको, लिफ्ट बंद पडली तर मी काय करू? ओट्याखाली ट्रॉल्या नकोत, झुरळं होतात. आणि हो, ते पार्किंग म्हणता ते धरून की सोडून?” पलीकडून बराच वेळ काहीतरी समजावणं चाललं. तिने मधूनमधून “बरं” म्हटलं. शेवटी विचारलं, “ठाण्यालाही तुमचं काही चाललंय ना? तिथे नाश्त्याला काय असतं?” फोनवर हात ठेवून तिने आमच्याकडे पाहिलं.

“मिसळ म्हणतायत. रविवारी नऊला गाडी पाठवतो म्हणाले. खजिनदारांना सांगू, की आपण पाचच?”