कुळी बघणारा कार्डवाला

कडोदरा चोकडीच्या आसपास कापडाच्या गिरण्या, एम्ब्रॉयडरीचे कारखाने, आणि त्यांत खानदेशातली माणसं भरपूर. मशीनचं कार्ड बिघडलं की ती ज्याच्याकडे पिशवीत घालून धावतात, तो कार्डवालाही खानदेशीच. असा एक प्राणी दर औद्योगिक वस्तीत असतो, असं माझं मत आहे.

"मशीन बंद पडलंय," गिऱ्हाईक सांगतं.

"ते राहू दे भो. कुळी कोणती?" असं म्हणून हा भिंग लावतो आणि प्रोसेसरवरचा नंबर वाचता वाचता सोयरीक जमवायला बसलेल्या मामासारखा खुलतो.

"झेड-८०! इंटेलच्या ८०८० चा भाऊबंद. तो घडवणारा फेडेरिको फॅगिन घराबाहेर पडला, झायलॉग काढली, १९७६ ला हा आणला. वाटण्या झाल्या, बोली तीच. ८०८० चा प्रोग्रॅम याच्यावर जसाच्या तसा चालतो."

"संध्याकाळपर्यंत होईल ना?"

"आणि इंटेलचे सख्खे बघ! 'सी३' हा हुकूम दिला की ८०८५ सांगितल्या पत्त्यावर उडी मारतो. १९७८ चा ८०८६, आडनाव तेच, पण त्याला 'सी३' म्हण, आला तिथं परत जातो. ८०५१ ला म्हण, तो नुसता हातचा पुसतो आणि पुढच्या कामाला लागतो."

माणसंही तो याच हिशेबानं लावतो. मूळ आर्म प्रोसेसरचा प्रत्येक हुकूम बरोबर चार बाइटांचा, म्हणून कमी बोलणारा मुकादम आर्म घराण्याचा. इंटेलवाल्यांचा हुकूम एका बाइटापासून पंधरापर्यंत कितीही लांबतो, म्हणून शेठ इंटेलचे. स्वतःची कुळी तो सांगत नाही. ऐकणाऱ्याला पंधरावा बाइट केव्हाच ओलांडल्याचं जाणवत असतं.

तासाभरानं मीटर लावतो. प्रोसेसर ठणठणीत. शेजारचा कपॅसिटर फुगलेला. इथं त्याचा चेहरा पडतो, कारण कपॅसिटरला ना बोली, ना भाऊबंदकी. एक शब्द न बोलता पाच मिनिटांत नवा डकवतो आणि पैसे न मोजताच खिशात टाकतो.

तेवढ्यात एक पोरगं मोबाइल पुढे करतं. हा पुन्हा उजळतो. "आर्म! केंब्रिजचं घराणं, १९८५ चा पहिला..."

"काका, चार्जिंगची पिन वाकलीये."