वर बघा!

सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हे गृहस्थ मुंबईत एकदाही आले नाहीत. लंडनमध्ये बसून त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचे आराखडे काढले आणि इकडे धाडून दिले. माझं बरोबर उलटं. मुंबईत जन्मलो, फोर्टात नोकरी धरली, विद्यापीठाच्या कुंपणालगतून वर्षानुवर्षं ऑफिसला गेलो आणि टॉवरकडे पाहिलं ते फक्त लेट मार्क लागणार की वाचणार एवढं कळण्यापुरतं.

कोल्हापूरच्या आत्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. "तू ये तर खरी, टॉवर आतून दाखवतो, तिथं आपली ओळख आहे," असं मी फोनवर सांगून बसलो होतो. ओळख म्हणजे आमच्या चाळीतले एक काका तिथं कारकून होते. आत्या खरंच आली. सोबत कॉलेजात जाणारा नातू. त्याने गाडीतच मोबाइलवर इतकं वाचून ठेवलं होतं, की माझ्या पोटात गोळा आला.

फाटकावरचा रखवालदार अतिशय सभ्य होता. आत जायला आधी परवानगी काढावी लागते, म्हणाला. मी चाळीतल्या काकांचं नाव टाकलं. त्याने थोडा विचार केला आणि शेजारच्या म्हाताऱ्या शिपायाला विचारलं. शिपाई म्हणाला, "ते रिटायर होऊन लई वर्षं झाली. तुम्ही मार्कशीटसाठी आलाय का?" माझे केस पांढरे आहेत. या वयात मी कुठली मार्कशीट न्यायला आलो असेन, याचा हिशोब नातवाच्या चेहऱ्यावर चाललेला मला दिसला.

आत्याने मात्र हार मानली नाही. पदवीदान सभागृहाच्या गोल खिडकीत रंगीत काचांमध्ये बारा राशी आहेत, हे नातवाने तिला सांगितलं होतं. ती रखवालदाराला म्हणाली, "बाबा, मला काय बी नको. नुसता विंचू बघून येतो." रखवालदार दोन पावलं मागे सरकला. ते सभागृह बांधायला पैसे देणाऱ्या कावसजी जहांगीर यांचं आडनाव 'रेडीमनी' होतं, हे ऐकून आत्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. टॅक्सीचे पैसे तिने दिले होते.

मग आम्ही ओव्हल मैदानाच्या बाजूला आलो आणि मी खालूनच व्याख्यान सुरू केलं. कापसाच्या व्यापारातून गबर झालेल्या प्रेमचंद रायचंदांनी टॉवरसाठी दोन लाख रुपये दिले, अट एकच, आईचं नाव द्यायचं. त्यांची आई अंध होती, जैन असल्याने सूर्यास्ताआधी जेवायची, तिला घंटेवरून वेळ कळावी म्हणून हा टॉवर, असं सांगतात.

"आंधळ्या बाईसाठी घड्याळ?" आत्या म्हणाली. "मग नुसती घंटाच टांगायची की रं."

एवढ्या वर्षांत हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता.

नातू म्हणाला, "काका, अमेरिकेतलं युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये त्यांचं दिवाळं निघालं होतं ना? आणि पायाभरणी तर १८६९ ची." मी विद्वानासारखी मान डोलावली. आत्याने त्यातून तिचा निष्कर्ष काढला, "दिवाळं निघालं तरी आईचं नाव लावलं बघ. तुझ्या दारावरच्या पाटीवर कुणाचं नाव हाय रं, बाळ्या?" पाटीवर माझं नाव आहे, त्यापुढे पदवी आहे, आणि पदवी याच विद्यापीठाची आहे.

विषय बदलायला मी दगडाकडे वळलो. हा पिवळसर दगड कुर्ल्याचा. १८७८ साली काम पुरं झालं, तेव्हापासून तो इथं उभा आहे. मीही रोज कुर्ल्याहून उभ्यानेच येतो, पण मला कुणी वारसा म्हणत नाही.

नंतर आत्याला वरच्या मूर्ती बघायच्या होत्या. पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींची माणसं दगडात कोरून वर बसवली आहेत, एकूण २४. त्यात आपल्याकडचा कुणी आहे का, हा तिचा प्रश्न. टॉवर २८० फूट उंच. इतक्या खालून पागोटं कुठलं आणि टोपी कुठली हे गरुडालाही सांगता आलं नसतं. तरी मी मान मागे टाकून बोट दाखवलं, "तो बघ, तो आपला."

मुंबईत फुटपाथवर एक माणूस वर बघत थांबला की दुसरा थांबतो. शहाळेवाला आला. वकिलांचे दोन कारकून फायली सांभाळत आले. "कोण आहे वर?" अशी चौकशी सुरू झाली. कुणीतरी मूर्ती म्हटल्याचं ऐकून एका बाईने चपला काढून हात जोडले. गर्दीपुढे माझ्या बोटाला जोर चढला, मान आणखी मागे गेली आणि नेमके त्याच वेळी पाव तासाचे टोले पडले. दचकलो. मानेत 'कट्' असा आवाज आला आणि ती तिथेच राहिली.

गर्दीला वाटलं, मला काहीतरी दिसतंय. तीही हलेना. मैदानातून एक पोरगा ओरडत होता, "अंकल, बॉल द्या ना!" बॉल माझ्या पायाशी होता. पण मला पाय दिसत नव्हते.

टॅक्सीत मी छताची शिवण बघत घरी आलो. नातवाने काढलेल्या सगळ्या फोटोंत आत्या समोर बघून हसते आहे आणि मी आकाशातून हुकूम घेतल्यासारखा उभा आहे. रात्री माझ्या मानेला तेल चोळता चोळता तिने कोल्हापूरला फोन लावला. "टावर लई मोठा हाय. आतनं न्हाई बघितला, बाळ्याची वळख हाय तिथं. त्याला म्हटलं, तू आमच्याकडं ये. न्यू पॅलेसला बी घड्याळ हाय, तिकीट काढलं की आत सोडत्यात."