अळूच्या बहिणीला थंडी वाजते!

करमाडात सध्या काय चाललंय, कानावर आलं का? जालना रोडवरच्या प्लॉटचे भाव नव्हे, शेंद्र्याच्या कंपनीतली भरती नव्हे, कापूसही नव्हे. रिटायर मास्तर, पहिल्या पाळीला जाणारी पोरं, भिशीच्या बायका, सगळ्यांना एकाच काळजीनं पछाडलंय. रात्री झाडाला थंडी वाजली तर?

झाड कुठलं म्हणता? तुळस? छे! ती बिचारी अंगणात पिढ्यान्‌पिढ्या कुडकुडतेय, तिला कुणी विचारलंय? हे अँथुरियम. आमच्या गल्लीत त्याचं ‘अंतूराम’ झालंय. लालबुंद, चकचकीत, आत्ताच कुणी वार्निश मारून गेल्यासारखं. दसऱ्याला एका नव्या बंगल्यात पहिलं आलं आणि दिवाळीपर्यंत अशी गत झाली, की ज्याच्या बैठकीत अंतूराम नाही त्याला चहाला बोलवायचीही चोरी.

मग थंडी आली आणि खरा तमाशा सुरू झाला.

आपली थंडी कशी, हे सांगायला हवं का? हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दुपारी घाम येतो, पण दिवस मावळला की जमिनीतली ऊब भराभरा वर उडून जाते आणि पहाटे पारा दहाच्या घरात, कधी त्याच्याही खाली. २ फेब्रुवारी १९११ ला तर औरंगाबादेत तो २ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. तेव्हा इथं अंतूराम नव्हतं म्हणून बरं, नाहीतर अर्धा गाव ते उशाशी घेऊन झोपला असता! या बाईसाहेबांचं माहेर कोलंबिया-इक्वाडोरकडच्या डोंगरातलं दमट जंगल. एदुआर आंद्रे नावाच्या फ्रेंच बागतज्ज्ञाला १८७६ साली त्या तिथं भेटल्या. पारा १५ च्या खाली गेला की रुसतात, वाढायचं थांबवतात. दहाच्या खाली काही तास काढावे लागले, की पानांवर काळपट, भिजल्यासारखे डाग. त्याला दहिवर गोठायचीही गरज नाही. हिवाळ्यात बाटलीतलं खोबरेल थिजतं ना, तसं पानाच्या पेशींचं स्निग्ध अस्तर आखडतं आणि आतला ओलावा पाझरायला लागतो.

आणि यातली खरी गंमत ऐका. डाग लगेच दिसतच नाहीत, दोन-तीन दिवसांनी उमटतात. म्हणजे रविवारी रात्री खिडकी सताड उघडी टाकणारा नवरा बुधवारी साळसूद, आणि बोलणी खाते ती बुधवारी पाणी घालणारी कामवाली! या एका गोष्टीवरून किती घरांत अबोला धरलाय, मोजायला बसलं तर बोटं पुरायची नाहीत.

उपाय तर काय एकेक! एकीनं कुंडीला नातवाचं स्वेटर चढवलं, वर माकडटोपी. शहाबादी फरशी गार पडते म्हणून दुसरीनं कुंडी चौरंगावर बसवली. चौरंग कुठला? गणपतीचा! पोल्ट्रीवाल्या एका भाऊसाहेबांनी पिलांना लावतात तसा बल्ब झाडावर टांगला. टांगला तो एलईडी. उजेड भरपूर, ऊब शून्य. झाड रात्रभर जागं. एकानं रूम हीटर लावला, तर हवा अशी कोरडी झाली की पानांच्या कडा पापडासारख्या करपल्या. निफाडचा द्राक्षवाला पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, ते आपण समजू शकतो, त्याचं वर्षाचं पोट त्यावर आहे. पण एका कुंडीसाठी गच्चीवर गोवऱ्या?

सगळ्यात हुशार ठरले मास्तर. ‘मातीच्या कुंडीत मुळांना हवा मिळते,’ म्हणून त्यांनी हौसेनं मातीची कुंडी आणली आणि रोज तांब्याभर पाणी घातलं. अहो, ओली मातीची कुंडी म्हणजे माठ! उन्हाळ्यात आपण पाणी गार करायला जे करतो, तेच यांनी ऐन डिसेंबरात झाडाच्या मुळांना केलं. पानं पिवळी पडली तर म्हणतात, तहानलंय, अजून घाला! आता मात्र सुधारलेत. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी, तेही सकाळी, आणि टाकीचं गारढोण नव्हे, बोअरचं ताजं कोमट. खत होळीपर्यंत बंद. दिवसभर झाड पूर्वेच्या खिडकीपाशी कोवळ्या उजेडात, दिवेलागणीला आतल्या खोलीत. आणि स्वतः मास्तर? बाहेरच्या पडवीत, घोंगडी पांघरून. सुनेनं विचारलं, ‘तात्या, तुम्ही आत का नाही झोपत?’ तर म्हणे, ‘मी इथलाच आहे गं.’

एवढं सगळं कशासाठी? त्या लाल फुलासाठी ना? मग बसा घट्ट धरून. ते फूलच नाही! ते लाल म्हणजे रंग चढलेलं पान. खरी फुलं त्या मधल्या दांडीवर, बाजरीच्या दाण्याहून बारीक. फसलो की नाही आपण? आणि खानदान कुठलं? अळूचं! होय, मोरीच्या सांडपाण्यावर जगणारं, ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, पण वड्या करून आपण फस्त करतो ते अळू. पान चावलं तर दोघांचीही तीच खाज, तेच सुईसारखे बारीक खडे घशाला टोचतात. एक बहीण मोरीपाशी, दुसरी चौरंगावर!

ही बातमी मी घरी फोडली तेव्हा आत्याबाई पदर तोंडाला लावून हसल्या. ‘अळूला स्वेटर! माय, काय एकेक! आण इकडं, बेसन भिजवते.’ दारावरून जाणाऱ्या प्रत्येकीला थांबवून त्यांनी आठ दिवस हेच सांगितलं. मीही त्यांच्या सुरात सूर मिसळला. आमच्या मागच्या खोलीत, कपाटाआड एक अंतूराम आहे, हे सांगायची काय गरज होती? तुमच्याकडे नाही का? खरं सांगा!

परवा पहाटे भलताच गारठा होता. उठून बघते, तर कुंडी जागेवर नाही. स्वयंपाकघरात सापडली, ओट्याच्या उबेच्या कोपऱ्यात, खाली पाट, अंगावर आत्याबाईंची पंढरपूरची शाल, बोंडापर्यंत नीट लपेटलेली. विचारलं तर म्हणाल्या, ‘मांजरीनं ओढून नेली असेल शाल.’

आमच्याकडे मांजर नाही.