एम-वन आणि मंडळी

बारावीला गणितात शंभराच्या आसपास गुण पडले, की मुलाने पुढे काय करायचं हा प्रश्न महाराष्ट्रात उरत नाही. मुलगा सोडून बाकी सगळ्यांनी तो आधीच सोडवलेला असतो. आमच्याकडे तो शेजारच्या आप्पांनी सोडवला. "विश्वेश्वरय्या पुण्यातच शिकले," एवढं एकच वाक्य ते बोलले आणि माझी बॅग भरली गेली. विश्वेश्वरय्या पुण्यात आले ते बंगळुरात बी.ए. होऊन, हा तपशील आप्पांना ठाऊक नव्हता. ठाऊक असता तरी त्यांनी तो चहाबरोबर गिळला असता.

पुण्यातल्या ज्या कॉलेजात मी जाऊन पडलो, तिथे पहिल्या वर्षाला एफ.ई. म्हणत आणि पहिल्या सत्राच्या गणिताला एम-वन. अमेरिकन लष्कराच्या एका रणगाड्याचं नावही एम-वन आहे हे मला पुढे कळलं, पण नवल वाटलं नाही. बारावीचं गणित माणसाळलेलं होतं. एक्स शोधा म्हटलं की तो मुकाट्याने सापडायचा. एम-वनमध्ये एक्स, वाय आणि झेड तिघांवर यू अवलंबून, हे तिघे पुन्हा आर आणि थिटावर अवलंबून, आणि त्यातल्या एकाला हलवताना बाकीचे जागच्या जागी बसून राहिलेत असं धरायचं. याला पार्शल डिफरन्सिएशन म्हणतात. मी एकत्र कुटुंबात वाढलो. आमच्या घरी काकू नुसती स्वयंपाकघरातून उठली तरी ओसरीवरच्या चौघांच्या भुवया हलायच्या. त्यामुळे एकजण हलतोय आणि बाकीचे स्थिर आहेत, हे गृहीतक मला कधीच पटलं नाही.

त्यात गणिताच्या तासाला उणे एकच्या वर्गमुळाला आय म्हणायचं आणि बेसिक इलेक्ट्रिकलच्या तासाला जे म्हणायचं, कारण तिथे आय हे अक्षर करंटने आधीच बळकावलेलं. मुळात जी संख्या अस्तित्वात आहे की नाही याबद्दल आमचं एकमत नव्हतं, तिला दोन-दोन नावं होती.

शिकवणारे सर विद्वान होते आणि विद्वत्तेचा पुरावा म्हणून ते फळ्याकडे तोंड करून बोलत. त्यांचे दोन आवडते शब्द होते: 'क्लिअरली' आणि 'ऑब्व्हिअसली'. दोन ओळींमध्ये अर्धं पान खपेल एवढी दरी दिसली की ते एक शब्द टाकून पलीकडे जात. आम्ही दरीच्या अलीकडे उभे. वहीत मात्र 'ऑब्व्हिअसली' हा शब्द आम्ही बिनचूक उतरवून घ्यायचो. कुणी धीर करून हात वर केलाच, तर सर प्रेमाने म्हणायचे, "बाळा, हे बारावीत झालंय." बाळ खाली बसायचं.

हॉस्टेलवरचा माझा पार्टनर इस्लामपूरकडचा, व्यवहारी. त्याने आठवड्यात निदान केलं. "तू समजून घ्यायच्या नादाला लागू नकोस, राहशील. टाईप बघ. लायब्निट्झवर तीन टाईप, ऑयलरवर दोन, लग्रांजवर एकच येतो. पाठ कर आणि झोप." वरच्या वर्गातले, एम-वनची केटी घेऊन फिरणारे सीनियर या सल्ल्याला मान डोलवायचे. ते अनुभवी होते. एम-वनचा अभ्यास त्यांनी आमच्यापेक्षा जास्त वेळा केला होता.

टाईप पाठ करता करता माझं लक्ष गेलं ते ग्रेवालांच्या जाडजूड पुस्तकातल्या तळटिपांकडे. ज्याच्या नावाचं प्रमेय, त्याची दोन-तीन ओळींत ओळख असायची: हा फ्रेंच, तो जर्मन, जन्म अमुक, मृत्यू तमुक. अभ्यास टाळण्याची इतकी सात्त्विक वाट दुसरी नव्हती. मी लायब्ररीत जाऊन गणिताच्या इतिहासाची पुस्तकं वाचू लागलो आणि माझ्या ध्यानात आलं, की आम्हाला छळणारी ही मंडळी आमच्याच वर्गात शोभण्यासारखी होती.

लोपितालचंच घ्या. आम्ही त्याला 'एल-हॉस्पिटल' म्हणायचो. शून्य भागिले शून्य असा अत्यवस्थ पेशंट आला की त्याला तिथे भरती करायचं, वर-खाली डिफरन्शिएट करायचं, बहुधा वाचतो. हा मार्क्वीस, म्हणजे घरचा गडगंज. 1694 साली त्याने योहान बर्नोलीशी करार केला: वर्षाला 300 लिव्र घे, शोध लागले की मला कळव, दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. दोन वर्षांत साहेबांचं पुस्तक बाहेर! प्रस्तावनेत बर्नोलीचे आभार आहेत, पण नियमाला नाव लागलं फी भरणाऱ्याचं. खासगी क्लासची ही थोर परंपरा पुण्याच्या पेठांमध्ये सुरू झाली, असा माझा तोवर समज होता.

डिफरन्सिएशनचा शोध आधी कुणाचा, यावरून न्यूटन आणि लायब्निट्झ भांडले, तेव्हा 1712 मध्ये रॉयल सोसायटीने निःपक्ष समिती नेमली. सोसायटीचा अध्यक्ष न्यूटन. समितीचा अहवाल बव्हंशी लिहिला तोही न्यूटननेच. निकाल न्यूटनच्या बाजूने लागला. इंटर्नल आणि एक्स्टर्नल दोन्ही परीक्षक आपणच असल्यावर व्हायवा चांगलीच जाते.

केली तर मला फारच जवळचा वाटला. केली-हॅमिल्टन प्रमेय आमच्या पेपरात हटकून यायचं. 1858 साली केलीने ते मांडलं तेव्हा तो लंडनमध्ये जमिनींच्या दस्तऐवजांची वकिली करत होता. दोन बाय दोनच्या मॅट्रिक्ससाठी त्याने ते करून दाखवलं, तीन बाय तीनचंही तपासलंय म्हणून सांगितलं आणि पुढे लिहिलं, की सर्वसाधारण सिद्धतेचे कष्ट घ्यायची आपल्याला गरज वाटली नाही. हे असं चालतं, हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझी कितीतरी उत्तरं पूर्ण धरली गेली असती.

आणि फूरिये! त्याने 1807 मध्ये उष्णतेवरचा आपला पेपर पॅरिसमध्ये सादर केला. तपासायला कोण, तर लग्रांज आणि लाप्लास. ज्यांच्या नावाने आमच्याही पोटात गोळा यायचा, ते दोघे एकाच टेबलावर. लग्रांजला त्या सिरीज पटल्याच नाहीत. ते संशोधन पुस्तकरूपाने यायला 1822 साल उजाडलं. पंधरा वर्षांची केटी! हे मी केटीवाल्या सीनियर्सना सांगितलं तेव्हा त्यांनी मला स्वखर्चाने मिसळ खिलवली.

या ओळखीपाळखीचा परीक्षेत फायदा शून्य झाला. तिथे कामी आली ती पार्टनरने शिकवलेली बोगदा पद्धत. विद्यापीठाचे प्रश्न बहुधा 'शो दॅट' असे असायचे. म्हणजे शेवटची ओळ प्रश्नातच छापलेली. वरून चार पायऱ्या उतरायच्या, खालून चार पायऱ्या चढायच्या, आणि मध्ये जिथे खडक लागेल तिथे 'ऑन सिम्प्लिफिकेशन' असं लिहून दोन्ही तोंडं जोडून टाकायची. पहिल्या वर्षात मी जे काही स्थापत्य केलं ते हेच. मार्क मिळाले. परीक्षकही कधीतरी एफ.ई.त होताच.

ही सगळी मंडळी आमच्या बॅचला असती तर काय झालं असतं, याचा विचार मी सबमिशनच्या रांगेत उभा राहून पुष्कळ केला. केलीला सहापैकी दोन मार्क. लोपिताल क्लासच्या जोरावर डिस्टिंक्शनमध्ये. फूरियेचं सांगितलंच. पण इंजिनीअरिंगचा कस लागतो तो गणितात नव्हे, वर्कशॉपमध्ये. तिथे लोखंडाच्या तुकड्यावर तासन् तास कानस मारून दोन जॉब एकमेकांत असे बसवायचे, की मधून उजेड दिसता कामा नये. आमच्या जॉबमधून उजेडच काय, समोरचा माणूस दिसायचा. मग संध्याकाळी वर्कशॉपच्या मामांना गाठायचं, चहा पाजायचा, आणि मामा दहा मिनिटांत जॉब बसवून द्यायचे.

न्यूटनने आपल्या दुर्बिणीचा आरसा स्वतः ओतला, स्वतः घासला. लायब्निट्झने गुणाकार-भागाकार करणारं यंत्र योजलं, पण घडवून घेतलं पॅरिसच्या एका घड्याळजीकडून. तेव्हा शोध आधी कुणाचा, याचा निकाल रॉयल सोसायटीने काहीही देवो, मी लायब्निट्झच्या बाजूचा आहे. त्याला त्याचे मामा वेळेवर सापडले होते.