रस्सेवाले

ओझरच्या रस्सेवाल्याची ओळख करून देण्याची गरज नाही. प्रत्येक कॉलनीत एक असतोच. १९६४ साली गावालगत मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. त्याच्या इन्स्पेक्शनमध्ये ज्याची हयात गेली, त्याच्यात हा प्रकार विशेष कसदार निघतो. निवृत्तीनंतर तपासायला विमान उरत नाही. मिसळ उरते.

रविवारी सकाळी मंडळी नाशिककडे निघाली की गाडी कुठे थांबवायची हे तो ठरवतो. निकष चव नाही, स्वच्छता तर नाहीच. नाशिकच्या मिसळीबरोबर पाव, पापड, दही येते आणि रस्सा मागाल तेवढा. या शेवटच्या कलमावर त्याची श्रद्धा. मटकीला हात लावण्याआधी पहिली वाटी संपते. ‘भाऊ, रस्सा!’ दुसरी वाटी तो उजेडात तिरकी धरतो, तर्रीचा थर पाहतो, ‘पातळ केलाय’ असा शेरा मारतो आणि संपवतो. मग पाव उरला म्हणून रस्सा, रस्सा उरला म्हणून पाव. जादा पावाचे मात्र पैसे पडतात. तो शेजारच्याच्या ताटातून उचलला जातो.

संध्याकाळी आग्रा रोडवरच्या ढाब्यावर तेच. शेवभाजीतली शेव रस्सा पिऊन फुगते, यात त्याला ढाबेवाल्याची लबाडी दिसते. हॉटेलच्या जेवणावर १५ नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के जीएसटी आहे. बिल आले की तो चष्मा लावतो आणि रस्सा त्यात धरलेला नाही ना, हे बघतो.

खरी पंचाईत होते पाकिटातल्या तयार जेवणाने. हे तंत्र आपल्याकडे म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने जवानांसाठी विकसित केले: शिजवलेला पदार्थ अनेकपदरी पाकिटात हवाबंद करून दाबाखाली १२१ अंशांच्या आसपास तापवला, की फ्रिजशिवाय महिनोन्महिने टिकतो. संरक्षण खात्याचे काम म्हटल्यावर रस्सेवाला आधी खूश होतो. पाकीट उकळत्या पाण्यात ठेवतो, कापतो, राजमा वाडग्यात ओततो, पाकीट पिळतो, आत डोकावतो. संपले. आणखी मागायला समोर कोणी नसते. शेवटी तांब्याभर पाणी आणि दोन चमचे तिखट घालून तो राजम्याचा रस्सा करतो, आणि तोही पातळ होतो.

पाकिटे पुण्याहून मुलगा पाठवतो. ती बहुतेक शेजारीपाजारी वाटली जातात.

मनाविरुद्ध का होईना, एक गोष्ट मान्य करावी लागते. रस्सा आणणाऱ्या वाढप्याचे गाव कोणते, त्याचा बारावीचा कुठला विषय राहिला, घरी पैसे पोचले का, हे त्या हॉटेलात एकट्या रस्सेवाल्याला ठाऊक असते. चौथ्या वाटीपर्यंत या चौकशा पुरतात. उठताना ताटाखाली सरकवलेली नोटही कोणाला वाटेल त्याहून मोठी असते.

त्याने रविवारी बोलावले तर जावे. गाडी आपली न्यावी लागते. बिल तो देतो, उचललेल्या पावासकट.